संशोधननीती आणि आरोग्यविज्ञान अध्यापक : मराठवाडा

माणसांवर, त्यांच्या रक्त-ऊतींच्या नमुन्यांवर किंवा वैद्यकीय नोंदींवर होणाऱ्या संशोधनात सहभागी व्यक्तीचे हक्क, सुरक्षितता व सन्मान राखणाऱ्या नियमांना आणि मूल्यांना संशोधननीती म्हणतात. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या आदी महाविद्यालयांतील अध्यापकांना या नियमांची जाण किती आहे आणि त्यांकडे ते कोणत्या दृष्टीने पाहतात, हा स्वतंत्र अभ्यासविषय ठरला आहे. कारण हेच अध्यापक स्वतः संशोधन करतात, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासतात आणि संशोधनाचे प्रस्ताव नीतीच्या दृष्टीने तपासणाऱ्या संस्थेच्या नीती समितीवरही बसतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे संशोधननीतीवरील पहिले धोरणनिवेदन १९८० मध्ये निघाले. २००० व २००६ च्या आवृत्त्यांनंतर आज २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रमाण मानली जातात. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी औषधचाचणीखेरीज इतर आरोग्य-संशोधन तपासणाऱ्या समित्यांनाही नोंदणी बंधनकारक केली. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि सदस्यांत कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिकही असावा लागतो.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (१९५६), अंबाजोगाई, नांदेड (१९८८) आणि लातूर (२००२) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये जुनी असून अलीकडे धाराशिव, परभणी, जालना व हिंगोली येथेही ती सुरू झाली आहेत. अध्यापकांची जाण सहसा प्रश्नावलीने मोजतात. समिती असावी आणि संमती घ्यावी, हे बहुतेकांना मान्य असते. तपशिलात मात्र उत्तरे डगमगतात. जुन्या केसपेपरवरचा अभ्यास किंवा साधी प्रश्नावली समितीपुढे न्यावी लागत नाही, हा त्यांतला नेहमीचा गैरसमज होय. प्रत्यक्षात एखाद्या अभ्यासाला सूट द्यायची की नाही हे संशोधकाने नव्हे, समितीने ठरवायचे असते, आणि तेही माहिती गोळा करण्यापूर्वी. शिवाय अपेक्षित उत्तर कोणते हे अध्यापकाला ठाऊक असल्याने प्रश्नावलीतली अनुकूल मते आचरणाचा पुरावा ठरत नाहीत.

खरी कसोटी संमतीपाशी लागते. येथील शासकीय रुग्णालयात येणाऱ्यांत मराठीबरोबर दखनी उर्दू आणि तांड्यावरची गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारे असतात. संमतीपत्र नुसते मराठीत छापून भागत नाही. ते समजेल अशा बोलीत सांगावे लागते, आणि वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. त्यातून उपचार करणारा डॉक्टर आणि संशोधक एकच असला की ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं’ हे उत्तर सहज मिळते. हा होकार विश्वासाचा असतो, समजुतीचा असेलच असे नाही. नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही हे अशा वेळी मुद्दाम, वेगळे सांगणे अध्यापकाचे कर्तव्य आहे. सज्ञान स्त्रीच्या जागी नवऱ्याची किंवा सासऱ्याची संमती चालत नाही.

ऊसतोड कामगारांबाबत ही जबाबदारी आणखी वाढते. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. उचल (आगाऊ रक्कम) देणाऱ्या मुकादमाची परवानगी म्हणजे कामगाराची संमती नव्हे, आणि मुकादमासमोर दिलेला होकार मोकळा मानता येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला; अशा विषयावरील लेखात नाव वगळले तरी छोट्या गावाच्या वा तांड्याच्या उल्लेखावरून बाई ओळखू येते, ही गोपनीयतेची बाब अनेकदा सुटते.

समितीमुळे काम लांबते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिच्यामागे पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची अट आणि प्रबंधाची ठरलेली मुदत असते. लेखात काहीच वाटा नसलेल्या वरिष्ठांचे नाव घालण्याची प्रथाही याच दडपणाखाली टिकते, आणि ती गैर आहे हे माहीत असूनही कनिष्ठ अध्यापक बोलू शकत नाही. जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत ऑनलाइन अभ्यासक्रम आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना व अध्यापकांना आवश्यक केला आहे. त्यामुळे नियमांची ओळख नक्की वाढते, पण अधिकाराची ही उतरंड प्रमाणपत्राने बदलत नाही. आपल्याच वर्गातील विद्यार्थ्यांचे रक्त तपासणे किंवा त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेणे अनेकांना निरुपद्रवी वाटते; मार्गदर्शक तत्त्वे मात्र विद्यार्थ्यांना आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांना विशेष संरक्षणाची गरज असलेल्या गटांत मोजतात, म्हणून त्यांची संमती गुण देणाऱ्या अध्यापकाऐवजी तिऱ्हाईत व्यक्तीने घेणे उचित ठरते.