डी अँझा ते बर्कली: कॅलिफोर्नियातल्या ट्रान्सफरची पार्श्वभूमी

बे एरियातल्या मराठी घरांत 'मुलगी डी अँझाला (तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजला) जाते' हे अजूनही जरा दबक्या आवाजात सांगितलं जातं. दोन वर्षांनी तीच मुलगी ट्रान्सफर होऊन, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला, बर्कलीच्या विद्यापीठात गेली की पेढे वाटतात. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची पळवाट, ही समजूत त्यामागे असते. इतिहास मात्र वेगळं सांगतो. ही वाट मोठ्या विद्यापीठांनीच, आधी स्वतःच्या सोयीसाठी, आखून घेतली. विद्यार्थ्याला पक्का शब्द मिळायला पुढे अनेक दशकं गेली.

पदवीची पहिली दोन वर्षं हे खरं तर शाळेचंच काम, विद्यापीठाने वरचा अभ्यास आणि संशोधन बघावं, असं मत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वजनदार मंडळी मांडत होती. शिकागोचे विल्यम रेनी हार्पर, बर्कलीचे अलेक्सिस लँग, स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन ही त्यातली नावं. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट इथे पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज निघालं. हे आपल्याकडचं अकरावी-बारावीचं नव्हे, तर पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं कॉलेज; पुढे यालाच कम्युनिटी कॉलेज म्हणू लागले. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्याने हायस्कुलांना पुढची दोन वर्षं शिकवायची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोने ती पहिल्यांदा वापरली. हा कायदा आणणारे सिनेटर अँथनी कॅमिनेटी डोंगराळ अमाडोर काउंटीतले. बर्कलीला राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या गावाकडच्या मुलांची त्यांना काळजी होती. हेच कॅमिनेटी १९१३ नंतर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचे प्रमुख झाले आणि भारतीयांना देशात येऊ देऊ नये म्हणून हिरिरीने झटले. आज त्यांच्या कायद्यातून वाढलेल्या कॉलेजांत आपली मुलं शिकतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या जीआय बिलाने शिक्षणाचा खर्च दिला आणि कॉलेजं भरून गेली. १९४७ मध्ये ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केलं.

खरा करार झाला १९६० मध्ये. युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी कॉलेजच्या वयाला येत होती आणि प्रत्येक आमदाराला आपल्या भागात एक स्टेट कॉलेज, म्हणजे राज्याचं चार वर्षांचं कॉलेज, हवं होतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी (बर्कली हा तिचाच एक कॅम्पस), हिचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने राज्याच्या उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन तयार झाला आणि गव्हर्नर पॅट ब्राउन यांच्या सहीने त्यातल्या मुख्य तरतुदींचा कायदा झाला. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट कॉलेज आणि ज्युनियर कॉलेजचं दार सगळ्यांना खुलं. ही वाटणी उदार वाटते, पण यूसी आणि स्टेट कॉलेज या दोघांनीही यात आपापली दारं आधीपेक्षा अरुंद केली होती. जी मुलं बाहेर राहणार होती त्यांच्यासाठी भरपाई म्हणून तिसऱ्या वर्षाचं दार राखून ठेवलं. त्या जागा खरोखर रिकाम्या राहाव्यात म्हणून विद्यापीठांनी पदवीच्या विद्यार्थ्यांत पहिल्या दोन वर्षांच्या मुलांचा वाटा ४० टक्क्यांवर आणायचा, असंही ठरलं. म्हणून तिसऱ्या वर्षाला येणारा विद्यार्थी कुणाच्या मेहेरबानीवर येत नाही. त्याची जागा मूळ आराखड्यातच धरलेली आहे.

पण आराखडा आणि प्रत्यक्ष यांत अंतर राहिलं. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून १९६० मध्येच दाखवलं, की ट्रान्सफरच्या आशेने आलेल्या अनेकांना तिथली व्यवस्था न दुखावता, हळूहळू दुसऱ्या अभ्यासक्रमांकडे वळवते. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी मालमत्ता करावर घातलेल्या मर्यादेने, कॉलेजांचा स्थानिक कराचा आधार काढून घेतला. १९८४ मध्ये पहिल्यांदा राज्यभर फी लागू झाली. आज ती सेमिस्टरच्या एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर आहे.

दुसरी अडचण कागदाची. इथे घेतलेला विषय तिथे धरतील का? १९८५ पासूनच्या 'असिस्ट' या व्यवस्थेत त्याचं उत्तर मिळतं. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे कॉलेजचा. समोर 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' लिहिलेलं असेल, तर त्या विषयाला तुमच्या कॉलेजात पर्याय नाही. डी अँझा क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर चालतं, बर्कली सेमिस्टरवर. त्यामुळे कॅल्क्युलसचे क्वार्टरमधले कोर्स मिळून तिथली एक मालिका भरते, आणि मधलाच एखादा दुसऱ्या कॉलेजात घेतला तर हिशेब विस्कटू शकतो. ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, ती मुलं इथेच अडकतात. त्यांची हुशारी कमी पडत नाही, त्यांना वेळेवर सांगणारं कुणी नसतं.

महाराष्ट्रात डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांना सामायिक प्रवेश प्रक्रिया आणि गुणवत्ता यादी असते. कॅलिफोर्नियात असा एकच मार्ग नव्हता. २०१० च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजची ठराविक असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) घेणाऱ्याला स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे पूर्वीच्या स्टेट कॉलेजांत, तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची हमी मिळाली. कोणता कॅम्पस, याची हमी नव्हती. यूसीचे सहा कॅम्पस करार करून प्रवेशाची हमी देतात, पण बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. नेमकी सर्वाधिक मागणी असलेलीच दारं अशी बाहेर राहतात, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. काही खासगी विद्यापीठं तर आणखी मागे होती. प्रिन्स्टनने १९९० नंतर ट्रान्सफर बंदच ठेवलं होतं. २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा प्रवेश देऊ केला फक्त १३ जणांना.

२०२१ च्या कायद्यामुळे यूसी आणि स्टेट युनिव्हर्सिटी या दोघांसाठी सामान्य (सगळ्या शाखांच्या मुलांना घ्याव्या लागणाऱ्या) विषयांची एकच यादी झाली. 'कॅल-जीईटीसी' नावाची ही यादी २०२५ च्या फॉल सेमिस्टरपासून लागू आहे. २०२३ मध्ये आणखी एक कायदा झाला. त्यानुसार काही निवडक विषयांत २०१० च्या कायद्यातली असोसिएट डिग्री पूर्ण करणाऱ्यांना २०२६-२७ पासून यूसीएलएने प्राधान्य द्यायचं आहे.