आठ दिवसांचा पुरावा, वीस वर्षांचा दावा

अणुअपघाताची भरपाई मागताना चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. 2010 च्या अणुनुकसान दायित्व कायद्याने जबाबदारी थेट संचालकावर, म्हणजे अणुप्रकल्प चालवणाऱ्या संस्थेवर टाकली. पण आपलं नुकसान त्याच किरणोत्सारामुळे झालं, हे दावेदाराला दाखवावंच लागतं. गाडी अडते ती इथे.

समजा, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून खाडी ओलांडून किरणोत्सारी आयोडीन-131 वाशी-नेरुळवर आलं. श्वासातून, दुधातून ते थायरॉईड ग्रंथीत साठतं. दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं. 80 दिवसांनी हजारावा भाग उरतो. म्हणजे गळ्याशी मापक धरून मोजणी करायची ती पहिल्या काही आठवड्यांतच. चेर्नोबिलनंतर मुलांमधले थायरॉईडचे कर्करोग वाढलेले दिसू लागले ते साधारण चार वर्षांनी. 2010 च्या कायद्यात शारीरिक इजेच्या दाव्याला घटनेपासून 20 वर्षं होती (नुकसान कळल्यापासून मात्र तीनच), पण गाठीवर तिचं कारण लिहिलेलं नसतं. तेव्हाच्या मोजणीचा कागद, आयोडीनची गोळी (ती किरणोत्सारी आयोडीन थायरॉईडमध्ये साठू देत नाही) कधी घेतली त्याची नोंद, कुठे राहत होतो त्याचा पुरावा, हे नसेल तर मुदतीचा उपयोग काय?

सीझियम-137 या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचं उलटं. त्याला निम्मं व्हायला 30 वर्षं लागतात, आणि ते चिकणमातीला धरून बसतं. मालमत्तेचा दावा 10 वर्षांत संपायचा. तोवर, वाहून गेलं नाही तर, 79 टक्के सीझियम जागेवरच!

दिवाळे, सारसोळ्याच्या कोळ्यांची अडचण आणखी वेगळी. पर्यावरणाची लक्षणीय हानी झाल्याने बुडालेलं उत्पन्न 2010 च्या कायद्याच्या व्याख्येत बसायचं; मासळी स्वच्छ आहे, पण भीतीने गिऱ्हाईक फिरकत नाही, हे त्यात बसवणं कठीण होतं. फुकुशिमात अशा बदनामीचीही भरपाई दिली गेली.

पैशाची मर्यादा होती ती अशी: 10 मेगावॉट वा मोठ्या अणुभट्टीला 1500 कोटी रुपये, वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेला 300 कोटी, छोट्या संशोधन भट्ट्यांना आणि वाहतुकीला 100 कोटी. ट्रॉम्बेची 100 मेगावॉटची ध्रुव पहिल्या पायरीत, दोन मेगावॉटची अप्सरा-यू शेवटच्या. त्यावरचा भार केंद्र सरकारवर, एकूण 30 कोटी एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). जपानमध्ये संचालकाला मर्यादाच नाही; फुकुशिमाची भरपाई 10 लाख कोटी येनच्या पुढे गेली. त्यापुढे आपले आकडे किरकोळच.

2010 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या, डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने संचालकाची मर्यादा क्षमतेनुसार 100 ते 3000 कोटी केली. सदोष भाग पुरवणाऱ्याकडून संचालकाला वसुली करू देणारं कलम मात्र गेलं. आमच्या मते हा तोट्याचा सौदा आहे: सुटा भाग नीट बनवण्याचा धाक त्यातच होता.

वाशीत मसाल्यांवर किरणांचा मारा करणारं किरणोत्सारी कोबाल्ट-60 तर 2010 च्या कायद्यात येतच नव्हतं. वापरासाठी तयार झालेली अशी समस्थानिकं (मूलद्रव्यांची किरणोत्सारी रूपं) व्याख्येतून वगळली होती. 2010 मध्येच दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्टने एका कामगाराचा जीव घेतला. तसं तुर्भे-तळोज्याच्या एखाद्या गोदामात घडलं असतं, तर त्या कायद्याखाली भरपाई ठरवणाऱ्या दावा आयुक्तांचं दार बंद. वाट उरली असती ती नेहमीच्या कोर्टाची, आणि तिथे चूक कोणाची हेही सिद्ध करायची वेळ येऊ शकली असती.