हृदयाची दुरुस्ती झाल्यावर फुप्फुसे का अडतात?

जन्मजात हृदयविकाराची शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे सांगितल्यानंतरही बाळ व्हेंटिलेटरवर का, हा प्रश्न अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आईवडिलांना पडतो. त्याचे उत्तर अनेकदा हृदयात नव्हे, तर फुप्फुसांत सापडते.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असेल, तर फुप्फुसांकडे गरजेपेक्षा कितीतरी अधिक रक्त जात राहते आणि ती शस्त्रक्रियेआधीच ओलसर व ताठर झालेली असतात. त्यात भर पडते ती हृदय-फुप्फुस यंत्राची, म्हणजे शस्त्रक्रियेदरम्यान हृदय आणि फुप्फुसे या दोहोंचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्राची. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी याच यंत्राच्या आधारे एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बंद केले होते. यंत्र चालू असताना फुप्फुसे मिटलेली असतात, त्यांतून रक्त जवळजवळ वाहत नाही. शिवाय नळ्यांच्या कृत्रिम पृष्ठभागाला स्पर्श झालेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात, केशवाहिन्या झिरपू लागतात आणि वायुकोशांत पाणी उतरते. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा सुमारे सोळापट वाढतो. म्हणून कफाचा लहानसा गोळाही फुप्फुसाचा एखादा भाग मिटवू शकतो.

काही गुंतागुंती मात्र उपचारांआडच दडून राहतात, आणि मला त्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधील स्नायूचा पडदा, हलवणारी फ्रेनिक नर्व्ह ही नस हृदयाच्या आवरणाला लागूनच जाते. शस्त्रक्रियेत तिला ताण, उष्णता किंवा बर्फाचा गारवा बाधला, तर त्या बाजूचे श्वासपटल लुळे पडते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलत असेपर्यंत एक्स-रेमध्ये सारे ठीक दिसू शकते; श्वासाची नळी काढल्यावर मात्र श्वास घेताना ती बाजू खाली जाण्याऐवजी वर उचलली जाते आणि बाळाला धाप लागते. मोठ्या माणसाला हे बरेचदा निभावून नेता येते. तान्ह्या बाळाच्या बरगड्या आडव्या आणि त्यांमधील स्नायू दुबळे असल्याने त्याच्या श्वासाचा जवळजवळ सारा भार श्वासपटलावरच असतो. सोनोग्राफीने निदान होते. पुष्कळदा ही नस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते. पण बाळ व्हेंटिलेटरवरून सुटतच नसेल, तर लुळ्या पटलाला चुण्या घालून ते शिवून ताणून धरावे लागते.

छातीतील लसवाहिनीला (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या वाहिनीला) इजा झाल्यास होणारा कायलोथोरॅक्स, म्हणजे तो द्रव फुप्फुसाभोवती साठणे, हाही असाच उशिरा ओळखू येतो. आतड्यातून शोषलेले स्निग्ध पदार्थ या वाहिनीतून रक्तात जातात. बाळ उपाशी असेपर्यंत छातीतील द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतून येणारा द्रव पिवळसर, पारदर्शक असतो. दूध सुरू झाले की तो दुधाळ होतो. त्यातून प्रथिने आणि प्रतिकारशक्तीच्या पेशीही वाहून जातात, त्यामुळे हे स्रवण लांबणे धोक्याचे असते. अशा वेळी मध्यम लांबीच्या साखळीची स्निग्धाम्ले असलेले खास दूध दिले जाते, कारण ही आम्ले लसवाहिनीला वळसा घालून थेट रक्तात शिरतात.

फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या जाड झालेल्या बाळांत तर नळीतील कफ ओढून काढण्याचे रोजचे कामही जपून करावे लागते. त्या क्षणी वाहिन्या एकाएकी आवळल्या, तर ऑक्सिजन आणि रक्तदाब दोन्ही झपाट्याने घसरतात. म्हणून परिचारिका आधी ऑक्सिजन वाढवतात, बाळाला गुंगीचे औषध दिले जाते, आणि गरज पडल्यास या वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू श्वासावाटे दिला जातो.