क्वेव्री की अँफोरा? आलावेर्दीच्या मठात जमिनीखाली काय असतं

पूर्व जॉर्जियातल्या काखेती प्रांतात, तेलावी गावापासून साधारण २० किलोमीटरवर आलावेर्दीचा ऑर्थोडॉक्स मठ आहे. मठाची स्थापना सहाव्या शतकातली, सेंट जॉर्जचं उंच कॅथेड्रल अकराव्या शतकातलं. इथले मठवासी स्वतः वाइन करतात. बाटलीवर ‘१०११ पासून’ असं लिहिलेलं असतं, मात्र मध्ये बंद पडलेलं हे काम पुन्हा सुरू झालं ते २००६ मध्ये. मठाच्या मरानीत, म्हणजे वाइनघरात, जमिनीवर नुसती गोल तोंडं दिसतात. त्यांच्याखाली पुरलेला मातीचा प्रचंड रांजण म्हणजे क्वेव्री. फोटोखाली मात्र बरेच जण लिहितात ‘अँफोरा’, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन काळातलं माल वाहून नेण्याचं मातीचं भांडं.

गोंधळ होतो तो बुडामुळे. दोन्ही भांडी खाली निमुळती, टोकदार. पण क्वेव्री एकदा पुरली की पिढ्यान् पिढ्या तिथेच राहते, आणि अँफोरा घडवला जायचा तो गाव सोडण्यासाठीच. रोमन अँफोऱ्यात साधारण २६ लिटर माल मावे आणि रिकाम्या भांड्याचं वजनही जवळपास तेवढंच भरे. उचलायला दोन कान, बूच घट्ट बसावं म्हणून अरुंद मान, आणि ओतताना धरायला व जहाजात थरावर थर रचायला टोकदार बूड. त्या प्रवासाचा माग आपल्याकडेही लागतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला उतरणाऱ्या मालात इटालियन वाइन आहे, आणि नेवासे, घारापुरी इथे अँफोऱ्यांची खापरं सापडली आहेत. (भारतात अँफोरा म्हणून नोंदलेली काही खापरं पुढे इराणी आखाताकडच्या बिनकानाच्या ‘टॉर्पेडो’ रांजणांची निघाली. म्हणजे हा घोळ अभ्यासकांनाही चुकला नाही.)

क्वेव्रीला कान नसतात. तोंड एवढं रुंद की मोठ्या क्वेव्रीत माणूस उतरून ती घासू शकतो. आकार २० लिटरपासून काही हजार लिटरपर्यंत. कुंभार मातीच्या वळ्या एकावर एक चढवत रोज थोडीच उंची वाढवतो, कारण खालचा थर आवळला नसेल तर वरच्या भाराने भिंत बसते. भाजल्यावर भांडं गरम असतानाच आतून मधमाश्यांचं मेण फिरवतात. भिंत थंड असेल तर मेण मुरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. जास्त झालं तर वाइनला मेणाचा वास येतो. छिद्रं पार बुजवायची नसतात, घट्ट करायची असतात. पुरल्यावर गेलेला तडा बाहेरून दिसत नाही, म्हणून आधी पाणी भरून गळती तपासलेली बरी.

पुरण्याचं कारण आपल्याकडच्या धान्याच्या पेवासारखंच: जमिनीखाली हवामान फारसं बदलत नाही. क्वेव्रीभोवतीची माती साधारण १४-१५ अंशांवर राहते, आंबताना निर्माण होणारी उष्णता शोषून घेते आणि भरलेल्या भांड्याच्या भिंतीला बाहेरून आधारही देते.

काखेतीच्या पद्धतीत रकात्सितेली, किसी यांसारखी पांढरी द्राक्षंही साली, बिया आणि पिकलेल्या देठांसकट आत जातात. या सगळ्या चोथ्याला चाचा म्हणतात. विरजण वेगळं घालत नाहीत, द्राक्षांवरचं यीस्टच काम करतं. फसफस सुरू झाली की चोथा वर येऊन टोपी धरतो. ती दिवसातून चार-पाच वेळा दांड्याने खाली दाबावी लागते. कंटाळा केला तर वरचा थर वाळतो, हवेतले जिवाणू तिथे घर करतात आणि वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागते. दोनेक आठवड्यांत फसफस निवते, चोथा आपोआप खाली बसू लागतो. मग क्वेव्री काठोकाठ भरायची, झाकण ठेवून कडा ओल्या मातीने लिंपायच्या. वर रिकामी जागा राहिली तर पुन्हा तेच, व्हिनेगर.

आता निमुळत्या बुडाचं खरं काम सुरू होतं. बिया सगळ्यांत खाली टोकात जमतात, त्यांच्यावर गाळ आणि साली बसतात. बियांचा कडूपणा त्या थराखाली दबतो, सालींचा रंग आणि तुरटपणा तेवढा वाइनमध्ये येतो. पाच-सहा महिन्यांनी, वसंतात, क्वेव्री उघडतात तेव्हा वाइन अंबरच्या रंगाची असते. वाइन दुसऱ्या स्वच्छ क्वेव्रीत काढतात आणि चोथ्यापासून दारू गाळतात. तिचंही नाव चाचा! पश्चिमेकडच्या इमेरेतीत चोथा बराच कमी घालतात, म्हणून तिथली क्वेव्री-वाइन फिकी आणि मऊ.

धुणं हे सगळ्यांत कष्टाचं काम. लांब दांड्याला चेरीच्या सालीचा घासणा लावून गरम पाण्याने घासत राहायचं, निघणारं पाणी नितळ होईपर्यंत. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो आणि तो जीवघेणा असतो. उतरण्याआधी हवा खेळवायला हवी. जळती मेणबत्ती खाली सोडून ती विझते का हे पाहण्याची जुनी रीत आहे.

बाजारात घोळ वाढवला तो लेबलांनी. इटलीच्या योस्को ग्राव्हनर यांनी जॉर्जियातून क्वेव्र्या आणून जमिनीत पुरल्या आणि २००१ पासून त्यांत वाइन केली. बाटलीवर लिहिलं ‘अँफोरा’. उलट पोर्तुगालची ताल्या, म्हणजे वाइनचा तिथला मातीचा रांजण, जमिनीवर उभी असते, आतून राळ लावलेली, उन्हाळ्यात गार राहावी म्हणून बाहेरून पाण्याने भिजवायची. तिच्यातली वाइन तळाजवळच्या भोकातून निघते. तीही ‘अँफोरा वाइन’ म्हणून खपते. म्हणून लेबलवरच्या या शब्दावर विसंबू नये. भांडं पुरलेलं होतं का, आत मेण की राळ, आणि साली किती दिवस ठेवल्या, हे विचारावं. चव ठरते ती मुख्यतः तिसऱ्या उत्तरावर.

पाहायला जाताना आधी इकाल्तोला थांबा. तेलावीहून आलावेर्दीच्या वाटेवरच्या या जुन्या मठाच्या आवारात मोठाल्या क्वेव्र्या उघड्यावर पडलेल्या आहेत, त्यामुळे बुडापासून तोंडापर्यंत पूर्ण आकार दिसतो. आलावेर्दीत केवळ तोंडं दिसतात, आणि मरानी हे मठवाशांचं कामाचं ठिकाण असल्याने आत जायला आधी परवानगी ठरवून ठेवावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणी असते. तेव्हा पाहायला सगळ्यांत जास्त असतं आणि दाखवायला कोणाला वेळ नसतो. चर्चसाठी अर्धी चड्डी चालत नाही. बायकांनी डोकं झाकायचं आणि स्कर्ट नेसायचा.

घरी आणलेली बाटली बर्फासारखी गार करू नका, तुरटपणा जिभेला बोचतो. १४-१६ अंश पुरे. भारतात येताना माणशी २ लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. एक रकात्सितेली सालींसकट केलेली घ्या, दुसरी त्याच द्राक्षाची स्टीलच्या टाकीतली.