चिंगीच्या खाऊची बरणी आणि पाण्याचा हिशोब

चिंगी आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, वजन 15 किलो, आणि तीन वर्षांची होईपर्यंत तिचे कान किती वेळा खराब झाले हे मोजणंच मी सोडून दिलं होतं. कान लाल, वास येणारे, पंजे चाटून चाटून पांढऱ्या केसांना तांबूस डाग पडलेले, रात्री दोनला उठून खाजवत बसायची. औषध चालू असेपर्यंत बरं, बंद केलं की परत तेच, आणि उन्हाळा-पावसाळा-हिवाळा काही फरक नाही. शेवटी व्हेट मॅडमनी विचारलं की खाते काय ही? आम्ही सांगितलं उकडलेलं चिकन आणि भात, दही, मधेमधे चिकनचे ट्रीट्स. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यात बसलाय, "चिकन आणि दूध सोडून आजवर तिने दुसरं कुठलं प्रोटीन खाल्लंय?" उत्तर होतं जवळपास कुठलंच नाही. त्यातूनच तिच्यासाठी घरी सुकवलेले ट्रीट्स बनवणं सुरू झालं, त्याचीच ही गोष्ट.

आपल्याकडे असं काही झालं की लोक म्हणतात चिकन उष्ण पडलं, बंद करा आणि ताक द्या. पण फूड अ‍ॅलर्जीत प्रश्न उष्ण-थंडाचा नसतो, शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या ठरावीक प्रोटीनला शत्रू समजून बसते आणि ते प्रोटीन पोटात गेलं की कातडी, कान, पंजे, कधी पोट सगळीकडे सूज आणि खाज सुरू होते. वर्षानुवर्षं बिनतक्रार खाल्लेल्या पदार्थाचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते, कारण शरीराला त्याची ओळख झाल्याशिवाय ते त्याच्यावर चिडत नाही. (इन्टॉलरन्स वेगळं, उदाहरणार्थ दूध पचवायला लागणारं एन्झाइम कमी असलं की जुलाब होतात, त्यात या यंत्रणेचा हात नसतो.) 2016 साली आधीच्या अभ्यासांमधल्या 297 अ‍ॅलर्जिक कुत्र्यांची माहिती एकत्र करून पाहिली गेली तेव्हा बीफ 34 टक्के, दूध 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के कुत्र्यांना त्रास देत होतं. हे आकडे मुख्यतः बाहेरच्या देशांतले, तिथे बीफ जास्त खाऊ घालतात. आपल्या कुत्र्यांच्या ताटात चिकन, दही-दूध आणि पोळी, म्हणून मला वाटतं आपण शंका आधी तिथे घ्यावी.

इथे एक गैरसमज खूप ऐकते, की उकडलं किंवा सुकवलं की चिकन "हलकं" होतं. नाही होत. उकळल्याने प्रोटीनची घडी मोडते, पण यंत्रणा त्यातले जे छोटे तुकडे ओळखते त्यातले बरेचसे तसेच राहतात. आणि सुकवताना तर फक्त पाणी जातं, म्हणजे सुक्या तुकड्यात ग्रॅममागे प्रोटीन उलट तिप्पट-चौपट होतं. म्हणून घरी ट्रीट बनवायचा फायदा सुकवण्यात नाहीये, फायदा हा की त्यात एकच पदार्थ आहे आणि तो तुम्ही स्वतः हाताने घातलाय. बाजारातल्या पाकिटांवर "मटण" लिहिलेलं असून आत चिकन सापडणं, हे वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांमध्ये दिसलेलं आहे.

अ‍ॅलर्जी पकडायची खात्रीची पद्धत एकच, एलिमिनेशन डाएट. रक्ताच्या किंवा लाळेच्या टेस्ट फूड अ‍ॅलर्जीसाठी भरवशाच्या नाहीत. कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेलं एक प्रोटीन आणि एक पिष्ट पदार्थ, बस, बाकी काही नाही, कमीत कमी आठ आठवडे, कारण फूड अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊहून जास्त कुत्र्यांना तेवढ्या काळात फरक पडलेला दिसतो. आणि या आठ आठवड्यांत एक चिकन बिस्किट सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतं, अगदी जंताची चघळायची गोळी पण, तिला मांसाचा फ्लेवर असू शकतो, व्हेटना विचारून साधी घ्या.

मग प्रोटीन कुठलं? मटणाचा विचार आला, पण बोकड, मेंढी आणि गाय-म्हैस एकाच कुळातले, त्यांची काही प्रोटीन्स इतकी सारखी असतात की बीफ किंवा दुधाला चिडणारं कुत्रं मटणालाही चिडू शकतं. बटेर, बदक, टर्की यांचं चिकनशी तसंच नातं. वसईला किंवा गोव्याला राहणाऱ्यांना पोर्क सोपं पडेल. आम्ही पुण्याचे, आम्हाला उजनीची चिलापी सोपी पडली, म्हणजे तिलापिया, स्वस्त, चरबी कमी, आणि चिंगीने मासा कधी खाल्लाच नव्हता. शिवाय मासेवालीच्या सुरीला चिकन लागलेलं नसतं, चिकन-मटण एकाच ठोकळ्यावर तोडणाऱ्या दुकानात ही खात्री कोण देणार. बांगडा मात्र मी टाळला, कारण बांगडा, टुना अशा माशांमध्ये ताजेपणा गेला की बॅक्टेरिया हिस्टामिन बनवतात, ते शिजवून किंवा सुकवून नष्ट होत नाही, आणि आधीच खाजणाऱ्या जिवाला ते द्यायचं म्हणजे निदान अजून अवघड करायचं. बाजारातले सोडे आणि जवळा पण नको, कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन धुळीतल्या माइट्समध्येही (डोळ्यांना न दिसणारे किडे) असतं आणि पुष्कळ कुत्र्यांना माइट्सची अ‍ॅलर्जी असतेच, मग ती कोळंबीलाही चिडू शकतात.

आता सुकवणं. कोकणात बोंबील बांबूच्या दांड्यांवर वाळतात ते आपण लहानपणापासून बघतो त्यामुळे वाटतं ऊन दाखवलं की झालं. पण ते काम हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात चालतं, आणि सुका बोंबील आपण नंतर शिजवून खातो. ट्रीट कुत्रं तसंच खातं आणि आपण ते हाताने भरवतो, घरात लहान मूल असेल तर त्याचाही हात त्या बरणीत जातो. म्हणून साल्मोनेलाचा, म्हणजे कच्च्या मांसातून पोटात जाऊन आजारी पाडणाऱ्या बॅक्टेरियाचा, विचार आधी.

सुकवल्याने बॅक्टेरिया मरत नाहीत, फक्त थांबतात. 1995 साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये घरी सुकवलेल्या हरणाच्या मांसातून ई. कोलायची लागण होऊन 11 जण आजारी पडले होते. ओव्हन 60 डिग्रीला असला तरी आतला ओला तुकडा 60 ला नसतो, कारण पृष्ठभागावरून उडणारं पाणी जाताना उष्णता घेऊन जातं, आपल्या माठातलं पाणी गार राहतं तेच इथे होतं. तुकडा तासन् तास कोमट राहतो आणि तेवढ्यात बॅक्टेरिया हळूहळू कोरडे होत जातात, आणि अर्धवट कोरडे झालेले बॅक्टेरिया नंतरची उष्णता जास्त सोसतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ओलं असतानाच शिजवायचं, मग सुकवायचं. मांस मधोमध 71 डिग्री, चिकन-टर्की 74, हे प्रोब थर्मामीटर खुपसून बघा, अंदाजाने नाही. मी इडलीपात्रात वाफवते.

काप करायच्या आधी मासा तासभर फ्रीझरमध्ये ठेवला तर छान पातळ कापता येतो, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. जाडी दुप्पट केली की सुकायला दुप्पट नाही तर साधारण चौपट वेळ लागतो, कारण पाण्याला आतून बाहेर झिरपत यावं लागतं. घाईने ओव्हन वाढवला तर वरची कड टणक होते, आतलं पाणी आतच अडकतं, वरून मस्त कुरकुरीत दिसणारा तुकडा चार दिवसांत आतून बुरसतो. मीठ, हळद, मसाला काही नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. डाळिंबाच्या दाण्याएवढाही काटा राहता कामा नये, बोटांनी चाचपून बघा.

मग फॅन चालू ठेवून 65-70 डिग्रीला सहा ते आठ तास, दार बोटभर उघडं, नाहीतर वाफ आतच फिरते. झालं की नाही हे ठरवायला मी वजन बघते. एक किलो चिलापीच्या कापांत साधारण 780 ग्रॅम पाणी, उरलेलं 220 ग्रॅम घन. वजन 250 वर आलं म्हणजे आत 30 ग्रॅम पाणी, 12 टक्के. वाफवताना थोडा रस गळून जातो म्हणून मी 230 पर्यंत आणते. तुकडा वाकवला तर मोडला पाहिजे, रबरासारखा वाकून परत आला तर अजून वेळ आहे.

पण टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं आहे किती पाणी "मोकळं" आहे, ते बॅक्टेरियाच्या हाताला लागतं का. याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, शुद्ध पाण्याची 1, ताज्या मांसाची 0.99. साल्मोनेला साधारण 0.94 च्या खाली वाढत नाही, स्टॅफिलोकॉकस हा दुसरा बॅक्टेरिया 0.85 पर्यंत तग धरतो, बुरशा 0.70 च्या आसपासही, आणि 0.60 च्या खाली काहीच वाढत नाही. आणि याच आकड्याला 100 ने गुणलं की तुकड्याचं ज्या हवेशी जमतं त्या हवेची आर्द्रता मिळते. म्हणजे 0.60 चा तुकडा 60 टक्के आर्द्रतेच्या हवेत आहे तसा राहील, पण जुलैतल्या 85 टक्क्यांच्या हवेत उघडा ठेवला तर पाणी ओढत ओढत 0.85 कडे जाईल, बुरशीसाठी ते भरपूर झालं. पापड पावसाळ्यात मऊ पडतो ते हेच. म्हणून पूर्ण गार झाल्यावर (गरम भरलं तर झाकणाला घाम येतो) घट्ट बरणीत, आठवड्याचं फ्रीजमध्ये, बाकी फ्रीझरमध्ये.

किती द्यायचं हा प्रश्न सगळे विसरतात. सुकी चिलापी 100 ग्रॅमला जवळपास 380 कॅलरीज, चिंगीला दिवसाला साधारण 800 लागतात, ट्रीट्स त्याच्या दहा टक्क्यांत बसायला हव्यात, म्हणजे वीस-एकवीस ग्रॅम, त्याहून जास्त नाही.

आठ आठवड्यांनी तिचे कान स्वच्छ होते आणि पंजांवर नवे केस पांढरे आले होते. मग मॅडमच्या सांगण्यावरून मुद्दाम चिकन परत सुरू केलं, कारण त्याशिवाय अ‍ॅलर्जी सिद्ध होत नाही, दोन आठवडे वाट बघायची तयारी ठेवली होती, चौथ्या दिवशी तिने पंजे चाटायला घेतले आणि ते बघून मला रडू आलं, तीन वर्षं आम्ही प्रेमाने तेच भरवत होतो. दह्याची परीक्षा अजून बाकी आहे, ती दिवाळीनंतर. तोपर्यंत एक छोटी बरणी शेजारच्या काकूंकडे आणि एक वॉचमन दादांकडे ठेवलीये, दोघांचाही जीव आहे तिच्यावर, बिस्किट देऊ नका म्हणण्यापेक्षा हे द्या म्हटलेलं त्यांनाही बरं वाटतं, आणि दर रविवारी मी त्या बरण्या भरून येते.