केसपेपरवरचे लिंग आणि शरीरातले अवयव

आशा सेविका घरोघर जाऊन तिशी ओलांडलेल्या माणसांचा एक तक्ता भरून घेतात. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला मधुमेह आहे का, असे प्रश्न झाले की त्यात ‘फक्त स्त्रियांसाठी’ असा भाग येतो: स्तनात गाठ लागते का, पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव झाला का, शरीरसंबंधानंतर रक्त जाते का, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाते का. समोर दाढी राखलेला पुरुष बसला असेल तर हा भाग साहजिकच ओलांडला जातो. पण तो पारलिंगी पुरुष असेल, म्हणजे जन्मवेळी मुलगी अशी नोंद होऊनही ज्याची स्वतःची ओळख पुरुषाची आहे असा असेल, आणि त्याचे गर्भाशय काढलेले नसेल, तर हे प्रश्न त्यालाही तितकेच लागू असतात.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो, आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत पोचायला साधारण 15 ते 20 वर्षे लागतात. या लांबलचक काळात पेशींमधले बदल सापडले तर कर्करोग होण्याआधीच उपचार करता येतात. चाळणी चाचणीचे, म्हणजे काही त्रास नसतानाच करायच्या तपासणीचे, सारे मोल यातच आहे. पारलिंगी पुरुष टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेऊ लागल्यावर दाढी येते, आवाज बदलतो, पाळी थांबते. गर्भाशयमुख मात्र जागच्या जागी राहते आणि तिथे आधीच शिरलेला विषाणूही राहू शकतो. ‘पाळीच येत नाही, मग तपासणी कशाला’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

इंग्लंडमध्ये 25 ते 64 वयोगटातल्या ज्यांना गर्भाशयमुख आहे, त्यांनी ही तपासणी करून घेणे अपेक्षित असते. परंतु डॉक्टरांकडे ज्याची नोंद ‘पुरुष’ अशी आहे, त्याला बोलावण्याचे पत्र आपोआप जात नाही. त्याने स्वतः आठवण ठेवून वेळ मागावी लागते. नोंदीतला एक शब्द बदलल्याने माणूस यादीतून निसटतो, आणि हे कोणाच्या दुष्टाव्यामुळे होत नाही, म्हणूनच ते बराच काळ कोणाच्या लक्षातही येत नाही.

तपासणीच्या टेबलापर्यंत पोचलेल्यांचीही अडचण संपत नाही. अमेरिकेत बोस्टनमधल्या एका आरोग्य केंद्राने 233 पारलिंगी पुरुषांच्या आणि 3,625 स्त्रियांच्या पॅप चाचण्यांचे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी ब्रशने काढून केलेल्या तपासण्यांचे, निकाल 2014 साली मांडले. ‘नमुना अपुरा’ असा शेरा स्त्रियांच्या 1.3 टक्के चाचण्यांवर होता, तर पारलिंगी पुरुषांच्या 10.8 टक्के चाचण्यांवर. टेस्टोस्टेरॉनमुळे योनीचे आणि गर्भाशयमुखाचे अस्तर रजोनिवृत्तीनंतरच्यासारखे पातळ आणि कोरडे होते, त्यामुळे तपासणी दुखते आणि ब्रशला पेशी कमी लागतात. शिवाय ज्या अवयवाशी आपले नाते अवघड आहे, तोच उघडा करून पडून राहणे हा मनावर केवढा ताण असतो, हे तपासणाऱ्याने ओळखले नाही तर दोघांनाही घाई होते. लहान आकाराचे उपकरण, पुरेसे वंगण, आणि गरज वाटल्यास काही दिवस आधी लावायचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम यांनी बराच फरक पडतो. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘टेस्टोस्टेरॉन सुरू, पाळी बंद’ एवढी ओळ लिहिणेही फार महत्त्वाचे आहे, कारण अशा आक्रसलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगपूर्व बदलांसारख्या दिसू शकतात.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले रॉबर्ट ईड्स हे पारलिंगी पुरुष 1999 साली स्त्रीबीजकोशाच्या कर्करोगाने वारले. बाराहून अधिक डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार करायला नकार दिला होता. स्त्रीबीजकोशाच्या कर्करोगासाठी भरवशाची चाळणी चाचणी आजही नाही, तेव्हा चाळणीने ते वाचले असते असे म्हणता येणार नाही. पण अशी हकिकत कानावर आलेला माणूस काही त्रास होत नसताना दवाखान्याची पायरी का चढत नाही, हे त्यातून नीट कळते.

पारलिंगी स्त्रियांच्या, म्हणजे जन्मवेळी मुलगा अशी नोंद होऊनही ज्यांची ओळख स्त्रीची आहे त्यांच्या, बाबतीत प्रश्न उलट बाजूने येतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी 2019 साली, स्त्री-संप्रेरके घेणाऱ्या 2,260 पारलिंगी स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी 15 जणींना आक्रमक स्तनकर्करोग झालेला होता. हे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांच्या 46 पट, पण सर्वसाधारण स्त्रियांच्या तुलनेत एक तृतीयांशाहूनही कमी होते. म्हणून पन्नाशी आणि संप्रेरकांची किमान 5 ते 10 वर्षे या दोन्ही गोष्टी झाल्यावर मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) सुरू करावी, असे अमेरिकेतल्या एका प्रमुख मार्गदर्शिकेत सुचवले आहे. आपल्याकडे अनेकजणी संप्रेरकांसाठी दुकानातून परस्पर गर्भनिरोधक गोळ्या आणून घेतात. किती वर्षे, किती मात्रा, याची नोंदच नसते, तेव्हा ही वर्षे मोजायची तरी कशी?

प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा मुद्दा आणखी दुर्लक्षित आहे. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेत ती काढत नाहीत, आणि हिजडा समाजातल्या ‘निर्वाणा’नंतरही, म्हणजे लिंग आणि वृषण काढून टाकण्याच्या विधीनंतरही, ती शरीरात तशीच असते. टेस्टोस्टेरॉन घटल्याने कर्करोगाचा धोका बराच कमी होतो, पण शून्यावर येत नाही. पीएसए या रक्तचाचणीचा आकडाही त्याच कारणाने खाली येतो, म्हणून 4 ही नेहमीची मर्यादा इथे फसवी ठरते. अशा व्यक्तींसाठी 1 ही मर्यादा धरावी, अशी सूचना तज्ज्ञांनी केलेली आहे. तोंडाच्या कर्करोगाचे मात्र बरे आहे: टॉर्च लावून गाल, जीभ, हिरड्या पाहायला लिंगाचा रकाना लागतच नाही.

2014 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य झाला, आणि 2019 च्या कायद्याने ओळखपत्राची सोय झाली. त्या ओळखपत्रावरून शरीरात काय आहे हे कळत नाही, आणि ते कळावे अशी अपेक्षाही नको. त्यासाठी वैद्यकीय नोंदीत नाव आणि लिंगओळख यांच्याबरोबर अवयवांची स्वतंत्र यादी ठेवावी, ही सूचना 2013 सालीच पुढे आली आहे: गर्भाशयमुख आहे की काढले, छातीच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनाच्या ऊती किती उरल्या, प्रोस्टेट आहे का. तपासणीचे बोलावणे या यादीवरून गेले, तर कोणाला आपली ओळख पणाला लावून ते मागावे लागणार नाही. गर्भाशयाचा फक्त वरचा भाग काढला आणि मुख तसेच ठेवले, हा फरकही अशाच यादीत टिकतो. रुग्णाच्या आठवणीत तो टिकेलच असे नाही.

एचपीव्ही चाचणीचा नमुना आता स्वतःचा स्वतःलाही घेता येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तो मार्ग मान्य केला आहे. दार लावून घ्यायचे, कापसाची लांब काडी योनीत काही सेंटिमीटर आत घालून फिरवायची, नळीत बंद करायची आणि प्रयोगशाळेला द्यायची. बोस्टनमध्ये 2018 साली मांडलेल्या 131 पारलिंगी व्यक्तींच्या अभ्यासात नव्वद टक्क्यांहून अधिकांनी हीच पद्धत पसंत केली. मात्र डॉक्टरांच्या नमुन्यात विषाणू सापडलेल्या दर सातपैकी पाचजणांच्याच स्वतः घेतलेल्या नमुन्यात तो सापडला. म्हणून अशा चाचणीत विषाणू नसल्याचे आले तरी पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी, आणि मधल्या काळात अंगावरून रक्त गेले तर त्या तारखेची वाट पाहू नये.