जंगल नसलेल्या मुलखातली कुऱ्हाड

जुन्या हत्यारांचा नाद असलेल्या मंडळींत ‘फ्रिजियन कुऱ्हाड’ हे नाव अधूनमधून निघते. नेदरलँड्सच्या उत्तरेला, समुद्राला टेकून असलेला फ्रीसलँड हा प्रांत, आणि फ्रिजियन म्हणजे तिथला. तिथल्या लोहाराने ऐरणीवर घडवलेली शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची कुऱ्हाड आज मिळेल का, आणि मिळालीच तर ओळखायची कशी, हा प्रश्न. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा घनदाट रान आणि बाह्या सरसावलेला लाकूडतोड्या असतो. पण फ्रीसलँडच्या बऱ्याचशा भागात तोडायला रान नव्हतेच. चिखल होता, गवत होते आणि चहूकडे पाणी होते. अशा मुलखात कुऱ्हाड लागायची कुणाला, हे आधी समजून घ्यावे लागते.

थोरला प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात सैन्यात असताना या किनाऱ्याकडे येऊन गेला होता. फ्रिजियनांचे शेजारी असलेल्या खाउकी लोकांबद्दल त्याने लिहून ठेवले आहे. समुद्र दिवसातून दोनदा जमिनीवर येतो, माणसे हाताने रचलेल्या उंचवट्यांवर खोपटी बांधून राहतात, आसपास झुडूपसुद्धा दिसत नाही आणि चिखल उकरून, वाऱ्यावर वाळवून त्यावर अन्न शिजवतात, असे तो सांगतो. त्याच्या बोलण्यात कीव आहे, थोडी रोमन मिजासही आहे, पण निरीक्षण पक्के आहे. हे उंचवटे म्हणजे ‘तेर्प’. इसवी सनापूर्वीच्या काळापासून समुद्राला बांध पडेपर्यंत, म्हणजे साधारण इ. स. १००० नंतरपर्यंत, फ्रिजियन माणूस त्यांवरच राहिला. आणि तो जळणारा चिखल म्हणजे पीट, दलदलीत शतकानुशतके साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पुढे तो काढून विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला. हेरेनवेन हे गाव १५५१ मध्ये पीट काढण्यासाठीच वसले. चूल पीटवर पेटत असेल तर जळणासाठी लाकूड फोडायची गरज किती उरणार?

पूर्वेकडचा वाळूमिश्रित पट्टा मात्र वेगळा. त्याचे नावच ‘वौडेन’, म्हणजे वने. तिथे शेताच्या कडेने आल्डरच्या झाडांच्या रांगा लावायच्या, काही वर्षांनी बुंध्याजवळ छाटायच्या आणि पुन्हा फुटू द्यायच्या, अशी रीत होती. या कामाला हलकी कुऱ्हाड किंवा कोयत्यासारखे हत्यार पुरत असे. ओकचा जुना बुंधा आडवा करणारी जड कुऱ्हाड इथल्या रोजच्या कामाची नव्हती.

एक योगायोग इथे सांगायलाच हवा. या मुलखाच्या इतिहासाशी जोडली गेलेली सगळ्यांत प्रसिद्ध कुऱ्हाड फ्रीसलँडमध्ये चाललीच नाही. इ. स. ७२३ च्या सुमारास बोनिफेस या धर्मोपदेशकाने जर्मनीतल्या गाइस्मार इथे डोनार देवाचा पवित्र ओक तोडला आणि चित्रांतून तो हातात कुऱ्हाड घेतलेला संत झाला. पुढे ७५४ मध्ये, म्हातारपणी, तो फ्रिजियनांना बाप्तिस्मा द्यायला आला आणि डोकुमजवळ मारला गेला. जर्मनीतल्या फुल्डा इथे एक हस्तलिखित जपून ठेवले आहे. त्यात खोल घाव आहेत, आणि डोक्यावरचा वार अडवायला त्याने तेच पुढे धरले होते, अशी परंपरा सांगतात.

फ्रीसलँडमध्ये लाकूड आले ते समुद्रावरून. नॉर्वे आणि बाल्टिकच्या किनाऱ्यांवरून पाइन, फर आणि ओक जहाजांत भरून येत. त्यात हिंडेलोपेन या छोट्या गावाचे नाखवे पटाईत. अ‍ॅमस्टरडॅमचे व्यापारी त्यांची जहाजे भाड्याने घेत. त्या शहराला लाकूड किती लागायचे याचा अंदाज एका आकड्यावरून येतो: १६४८ मध्ये बांधायला घेतलेले नगरभवन, म्हणजे आजचा राजवाडा, १३,६५९ लाकडी खांबांवर उभे आहे. फ्रीसलँडचे स्वतःचे आरमारखाते होते. ते १६४५ मध्ये डोकुमहून हार्लिंगेनला हलले, कारण डोकुमचा जलमार्ग गाळाने भरत चालला होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एकही मात्र फ्रीसलँडच्या वाट्याला आली नाही. त्यामुळे आपल्या वेंगुर्ल्यात ज्या कंपनीची वखार होती, तिची जहाजे फ्रिजियन गोदीतली असतील असे कुणी धरून चालू नये.

तर फ्रीसलँडची कुऱ्हाड ही सुताराची, आणि त्यातही जहाज बांधणाऱ्या सुताराची. डच भाषेत कुऱ्हाडीला जो शब्द आहे त्याचा उच्चार आपल्या ‘बैला’च्या जवळ जातो, सुताराची ती ‘टिमरमान्सबैल’. तोडायच्या आणि तासायच्या कुऱ्हाडीत फरक मोठा. तोडायच्या कुऱ्हाडीला दोन्ही बाजूंनी सारखा उतार असतो, पाते अरुंद आणि दांडा लांब. तासायच्या कुऱ्हाडीचे पाते रुंद, दांडा आखूड आणि धार एकाच बाजूने उतरवलेली. दुसरी बाजू पटाशीसारखी सपाट. ही सपाट बाजू लाकडाला लागून खाली येते आणि ढलप्या काढत गोल ओंडका चौकोनी करते. बोटांची सालटी निघू नयेत म्हणून भोक किंवा दांडा लाकडापासून किंचित बाहेर कललेला असतो. आतल्या बाजूच्या वळणासाठी सुतार वाकस, म्हणजे दांड्याला आडवे पाते असलेले हत्यार, वापरत. त्याला डच लोक ‘डिसल’ म्हणतात.

ती चालवायला नजर लागायची. १६९७ मध्ये रशियाचा झार पीटर अ‍ॅमस्टरडॅमच्या गोदीत काही महिने सुतारकाम शिकला आणि नाराज होऊन इंग्लंडला गेला. त्याची तक्रार अशी की डच कारागीर नकाशावरून जहाज बांधत नाहीत, अंदाजाने आणि सवयीने बांधतात. तक्रार खरी होती. जहाजाचा आकार कागदावर नसून सुताराच्या डोळ्यांत आणि हातात होता. हातच चुकला तर आपल्या म्हणीतल्यासारखा कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ व्हायचा, आणि महागाचा आयात ओक जळणात जायचा.

कुऱ्हाड घडवायची पद्धत जवळजवळ सगळ्या युरोपात एकच होती. लोखंडाचा पट्टा लालबुंद करून मधोमध दुमडायचा. घडीत साचा घालून दांड्यासाठी भोक राखायचे. मग दोन्ही टोके घणाखाली एकजीव करायची आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी सांधायची. ‘पाणी’ द्यायचे, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करायचे, ते या पोलादाला. पोलाद महाग, म्हणून ते फक्त धारेपुरते. बाकी सगळे अंग मऊ लोखंडाचे. तासायच्या कुऱ्हाडीत ही पट्टी पुष्कळदा मधे न घालता सपाट बाजूवर चढवलेली असते. जुनी कुऱ्हाड ओळखण्याची निम्मी किल्ली या सांध्यात आहे. १८५६ मध्ये बेसेमरच्या भट्टीने पोलाद स्वस्त करायची वाट मोकळी केली. पुढे अख्खी कुऱ्हाड एकाच पोलादात निघू लागली आणि सांधा नाहीसा झाला.

पण कुऱ्हाडीच्या कामाला पहिला धक्का त्याच्या अडीचशे वर्षे आधीच बसला होता. कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या शेतकऱ्याने १५९३ मध्ये पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचे हक्क मिळवले. चक्कीच्या गोल फिरण्याला त्याने करवतीच्या वरखाली चालीत बदलले आणि फळ्या कितीतरी पटींनी जलद कापल्या जाऊ लागल्या. फ्रीसलँडमधल्या आयल्स्ट गावात ‘डे राट’, म्हणजे उंदीर, या नावाची अशी एक चक्की आजही उभी आहे. ती झान नदीकाठी होती, १८२८ मध्ये इकडे आणली. तरी कुऱ्हाड संपली नाही, कारण अशा चक्कीची करवत सरळ कापते आणि जहाजाच्या फासळ्या वाकड्या असतात. वाकड्या ओकमधून वाकडी फासळी तासून काढायला माणूसच लागे. १८९४ मध्ये याउरे गावात एल्ट्ये होल्ट्रोप फान डर झे याने बांधलेली ‘फ्रिसो’ ही नौका पाहिली की हे पटते. ती आज प्रांताची मानाची नौका आहे आणि तिच्या फुगीर अंगात सरळ रेष शोधून सापडत नाही.

शेवटचा घाव लोखंडी नावांनी घातला. पीट, शेणखत, बटाटे वाहणारी ‘स्कूट्स्ये’ ही फ्रिजियन मालवाहू नाव १९ व्या शतकाच्या अखेरीपासून लोखंडाची होऊ लागली. सुताराच्या जागी रिव्हेट ठोकणारा आला. त्याच सुमारास जर्मनीतल्या रेमशाइडच्या आणि स्वीडनच्या कारखान्यांचा माल सगळीकडे पोहोचू लागला. आयल्स्टमध्येच १८६५ साली सुरू झालेल्या नोइटगेडाख्ट कारखान्याने रंधे आणि पटाश्या काढल्या आणि बर्फावरच्या स्केट्समुळे तो घराघरात पोहोचला. गावच्या लोहाराकडे दुरुस्ती आणि घोड्यांचे नाल उरले.

आता शोधायचे कुठे? फार जुनी हवी असेल तर ती विकत घेण्याची वस्तू नव्हे. १९ व्या शतकात तेर्पची माती खत म्हणून खणून बोटींनी विकली गेली. कितीतरी उंचवटे कापले गेले, आणि त्यांतून निघालेले बरेच काही १८२७ मध्ये स्थापन झालेल्या फ्रिजियन अभ्यासमंडळामार्फत लेउवार्डेनच्या संग्रहालयात पोहोचले. आज मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचे तर २०१६ च्या वारसा कायद्याप्रमाणे जमीनमालकाची परवानगी हवी, ३० सेंटिमीटरखाली खणता येत नाही आणि सापडलेली वस्तू सरकारला कळवावी लागते. संरक्षित तेर्पवर तर हात लावायचाच नाही.

१९ व्या किंवा विसाव्या शतकातली कुऱ्हाड मात्र हाती लागू शकते. जुन्या वस्तूंची ‘क्रिंगलोप’ दुकाने, गावोगावचे भंगारबाजार, २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी रस्त्यावर कुणीही दुकान मांडतो तो ‘फ्रायमार्क्ट’, आणि ‘मार्क्टप्लाट्स’ ही जाहिरातींची साइट. ‘फ्रिजियन’ शब्द टाकून शोधू नका. सुताराची किंवा जहाजाची कुऱ्हाड असा शोध घ्या. फ्रिजियन कुऱ्हाडीचा हाच एक आकार, असे छातीठोक सांगणाऱ्याकडे मी तरी संशयाने पाहतो. बाजारात त्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘फ्रीसलँडमधल्या एका गोठ्यात सापडली’ एवढाच असतो. लोहाराचा शिक्का असेल तर गोष्ट वेगळी.

गंज पाहून घाबरू नये. वरवरचा गंज निघतो. पाहायचे ते पोलाद किती शिल्लक आहे. पात्याचा कोपरा साफ करून व्हिनेगर लावले की पोलाद गडद होते, लोखंड फिके राहते आणि सांध्याची रेष दिसते. धारेवर कानस घसरली पाहिजे, अंगावर ती चावली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या घासून पोलाद संपलेली कुऱ्हाड भिंतीवर शोभते, लाकडावर नाही. धारेजवळ निळसर छटा दिसली तर कुणीतरी ग्राइंडरवर तापवून तिचे पाणी उतरवले आहे. मागचा भाग चेपून छत्रीसारखा पसरला असेल तर ती हातोडा म्हणून वापरली गेली. दांडा बहुतेक वेळा बदललेलाच असतो, त्यावरून वय ठरवू नये.

आणि सपाट बाजू कोणती ते पाहा. दांडा हातात धरून धार आपल्यापासून पुढे केली की सपाट बाजू डावीकडे आली तर ती उजव्या हाताच्या सुताराची. उजवीकडे आली तर डावखुऱ्याची. तशी क्वचित मिळते, आणि विकणाऱ्याच्या ते बहुधा लक्षातही आलेले नसते.